खाजगी शाळा, आरटीईची मुलं आणि आपण सगळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जूनमध्ये आणि परत दिवाळीनंतरच्या पालकसभेत आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळेत मोफत शिकणाऱ्या मुलांबद्दल आणि वर्गातल्या एकूणच फरकांबद्दल तेच तेच प्रश्न येतात, काही उघड विचारले जातात, काही गेटवर कुजबुजत, म्हणून म्हटलं एकदा सगळे लिहूनच काढावेत. मी इंग्रजी माध्यमाच्या एका विनाअनुदानित शाळेत बरीच वर्षं शिकवतेय आणि पालक-शिक्षक संघाबरोबर हेच काम बघते. कायद्याचं जे लिहिलंय ते कायद्यातलं आहे, बाकीची मतं माझी आहेत आणि ती मी जपून वगैरे मांडलेली नाहीत.

हे २५ टक्के म्हणजे नेमकं काय?

शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यातलं कलम १२ म्हणतं की खाजगी विनाअनुदानित शाळेनेसुद्धा पहिलीत, आणि पूर्वप्राथमिक असेल तर तिथे, किमान २५ टक्के जागा आसपासच्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवायचं. आपल्या राज्यात वंचित गटात एससी, एसटी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), दिव्यांग, अनाथ अशी मुलं येतात आणि दुर्बल गटात वर्षाला १ लाखाच्या आत उत्पन्न असलेली कुटुंबं. अर्ज ऑनलाइन, सोडत राज्य पातळीवर, आधी १ किलोमीटरच्या आतली मुलं आणि मग ३ किलोमीटरपर्यंतची. शाळा मूल निवडत नाही. आणि हे फी भरणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कुणाचीच मुलाखत-परीक्षा घ्यायला बंदी आहे, पहिल्यांदा मोडलं तर २५ हजारांपर्यंत दंड आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत.

सगळ्या खाजगी शाळांना लागू आहे का? आमच्या भावाच्या मुलाच्या शाळेत तर नाही म्हणतात.

ती अल्पसंख्याक दर्जाची शाळा असेल. सुप्रीम कोर्टाने २०१२ ला हा कायदा उचलून धरला तेव्हा विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना वगळलं आणि २०१४ च्या निकालात सगळ्याच अल्पसंख्याक शाळा बाहेर गेल्या.

दुसरं कारण तुम्ही २०२४ मध्ये ऐकलं असेल. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला राज्य सरकारने नियम बदलला की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेने २५ टक्के द्यायची गरज नाही. शहरात असं अंतर जवळजवळ प्रत्येक शाळेला लागू पडतं, म्हणजे प्रत्यक्षात सगळंच बंद. पालक कोर्टात गेले, मे महिन्यात हायकोर्टाने स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्दच केला आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. पण या सगळ्यात मुलांचं काय झालं ते बघा, सोडत ७ जूनला निघालेली, निकाल जुलैच्या उत्तरार्धात, आणि शाळा मात्र जूनच्या मध्यात सुरू झालेल्या. म्हणजे बाकीच्या मुलांची ओळखपाळख होऊन बेंच ठरून गेले, गाणी पाठ झाली, आणि ही मुलं नंतर आत आली. त्या वर्षीच्या बॅचबद्दल कुणी 'मागे आहेत' असं म्हणालं की मला फार राग येतो, कारण उशीर त्यांनी केलेला नाही. तेव्हापासून आम्ही एक ठरवलंय की उशिरा आलेल्या मुलासाठी पहिला पंधरवडा वर्गात नवीन धडा रेटायचा नाही, सगळ्या वर्गाचीच उजळणी घ्यायची. त्याला एकट्याला बाजूला बसवून शिकवायचं नाही.

सरळ विचारतो, यांचा खर्च आमच्या फीमधून निघतो ना?

सरळ विचारलंत ते बरं केलंत. कायद्यात सरकारने शाळेला प्रतिपूर्ती, म्हणजे खर्चाची भरपाई, द्यायची आहे, सरकारी शाळेत एका मुलावर जेवढा खर्च होतो तेवढी किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यातली जी कमी असेल ती. महाराष्ट्रात हा आकडा बरीच वर्षं मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये धरला गेला आणि तोही वेळेवर येत नाही, कोट्यवधींची थकबाकी आहे, संस्थाचालकांच्या संघटना त्यासाठी दर वर्षी निवेदनं देतात. ती तक्रार खरी आहे, शाळेची ओढाताण होते हे मी नाकारत नाही.

पण त्या तक्रारीचा रोख चुकीच्या माणसाकडे वळतो, अडचण तिथे आहे. पैसे थकवले सरकारने आणि टोमणा ऐकायचा सात वर्षांच्या पोराने, हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. शिवाय एक सांगा, ज्या वर्गात ३० मुलं ठरवूनच ठेवलेली असतात तिथे शिक्षकाचा पगार, वीज, खोली हे सगळं तसंच राहतं, सात-आठ मुलं आरटीईची आहेत म्हणून तुमच्या मुलाच्या वाट्याचं काहीतरी कमी झालं असं दाखवता येत नाही. आणि आपल्या शहरांत कितीतरी संस्था सरकारने दिलेल्या सवलतीच्या जमिनीवर उभ्या आहेत, धर्मादाय ट्रस्ट म्हणून करसवलत घेतात, म्हणजे यात सगळ्या जनतेचा पैसा आधीपासूनच आहे आणि त्या जनतेत या मुलांचे आईबापही येतात.

कुणाला थकबाकीबद्दल खरंच काही करायचं असेल तर पालक-शिक्षक संघातर्फे शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या, मी सही करायला पहिली उभी राहीन.

कुठली मुलं आरटीईची आहेत हे आम्हाला कळू शकेल का?

नाही.

आणि कळवणार नाही एवढंच म्हणून भागत नाही, न कळवण्यासाठी शाळेला मेहनत घ्यावी लागते, कारण रोजच्या कामातून ते सारखं बाहेर येतं. हजेरीपटात नावापुढे खूण असते. ऑफिसमधून शिपाईकाका वर्गात येऊन 'आरटीईवाल्यांनी उद्या दाखले आणा' असं सांगून जातात. 'स्कॉलरशिपचा फॉर्म ज्यांना भरायचाय त्यांनी उभं राहा' हे तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्या उभं राहण्यात काय होतं हे जे उभे राहिलेत त्यांना विचारा. फी भरली की जे कार्ड मिळतं ते काही मुलांना मिळत नाही. वेगळ्या रंगाची पावती, वेगळी यादी नोटीस बोर्डावर. आता आम्ही असं करतो की दाखल्यांचे निरोप बंद पाकिटात किंवा थेट पालकांच्या फोनवर जातात, वर्गात मोठ्याने काही वाचलं जात नाही, आणि वर्गशिक्षकांच्या हजेरीत कुठलीही खूण नसते, ती फक्त ऑफिसच्या रजिस्टरमध्ये. वेगळी तुकडी किंवा वेगळी वेळ तर केंद्राच्या नियमांतच चालत नाही, लायब्ररी, कॉम्प्युटर, खेळ कशातही फरक करता येत नाही.

पण दर्जा? इंग्रजी न येणारी मुलं आली की शिकवण्याचा वेग कमी होणारच ना.

पहिलीत सगळीच मुलं शिकायला आलेली असतात. काहींनी तीन वर्षं प्ले ग्रुप-नर्सरी केलेलं असतं, काहींनी अंगणवाडी, काहींनी काहीच नाही. हा फरक डोक्याचा नाही, आधी मिळालेल्या संधीचा आहे आणि तो पहिली-दुसरीत भरून काढता येतो, जर शिक्षकाने ठरवलं तर आणि तोपर्यंत मुलाला 'ढ' हा शिक्का बसला नाही तर.

आमच्याकडे पहिली-दुसरीत बाई मराठीत समजावून मग इंग्रजीत सांगतात. यावर फी भरणाऱ्या काही पालकांची तक्रार आली होती की आम्ही इंग्रजी माध्यमाचे पैसे भरतो मग मराठी का. तर एक, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येच शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय. दोन, राज्यात २०२० च्या कायद्याने सगळ्याच बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ज्या मुलाला बेरीज मराठीत कळली त्याला ती इंग्रजीत परत शिकवावी लागत नाही, फक्त शब्द द्यावे लागतात. तुमच्या घरातलं मूलसुद्धा याने जास्त नीट शिकतं, घरी विचारून बघा 'वजाबाकी म्हणजे काय' तर किती मुलांना सांगता येतं.

उच्चारांचंही बोलते. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारं मूल वर्गात हसण्याचा विषय होता कामा नये, आणि हसायला सुरुवात बहुतेक वेळा मुलं करत नाहीत, मोठी माणसं करतात, मुलं बघून शिकतात. बोलताना त्याला त्याच्या बोलीत बोलू द्यायचं, लिहिताना प्रमाण लेखन शिकवायचं. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोल्हापुरी, हिंदी, कन्नड, सगळं घरी बोललं जातं आमच्या मुलांच्या, आणि ज्या वर्गात हे सगळं ऐकू येतं त्या वर्गाची मराठी चांगली होते असा माझा अनुभव आहे.

फी माफ असली तरी बाकीचे खर्च कोण करणार? (हा प्रश्न आरटीईच्या पालकांकडून सगळ्यात जास्त येतो)

बरोबर आहे, कारण खरा त्रास इथेच आहे. फी शून्य आणि बाकीचं धरून वर्षाला वीस-पंचवीस हजार, असं होतं आणि मग लोक दोन वर्षांनी मूल काढून घेतात आणि शाळा म्हणते की 'त्यांना टिकता आलं नाही'.

कायद्याच्या केंद्रीय नियमांत या मुलांना पुस्तकं, वह्या-पेन आणि युनिफॉर्म मोफत मिळण्याचा हक्क धरलाय. प्रत्यक्षात शाळा म्हणतात सरकार देत नाही, सरकार म्हणतं प्रतिपूर्तीत आलं, आणि मधल्यामध्ये आई दुकानात जाऊन शाळेचा लोगोवाला ब्लेझर विकत घेते. आम्ही लोगोवाला ब्लेझर बंद केला. सगळ्यांसाठीच बंद. शर्ट कुठल्याही दुकानातला चालतो, बॅज शाळा देते. जुनी पुस्तकं वर्षअखेरीला सगळ्यांकडून परत घेतो आणि जूनमध्ये सगळ्यांनाच वापरलेला संच आधी, नवीन नंतर. इथे 'सगळ्यांना' हा भाग सोडू नका, फक्त काही मुलांना जुनी पुस्तकं दिली की सगळा उद्देशच गेला.

गॅदरिंगचे कपडे: नाचाच्या ड्रेसचं भाडं ८०० रुपये म्हटलं की काही मुली त्या दिवसापासून प्रॅक्टिसला आजारी पडतात. आता नियम आहे की घरात असलेले कपडे आणि वर्गात बनवलेले मुखवटे-दागिने, बस. गॅदरिंग आधीपेक्षा छान दिसतं, फोटोत चकचकीत कमी असेल.

ट्रिप: परदेश ट्रिप शाळेच्या नावाने काढायची नाही यावर आमच्याकडे खूप वाद झाला, काही पालक अजून नाराज आहेत. माझं मत स्पष्ट आहे, ज्यांना न्यायचंय त्यांनी सुट्टीत आपल्या मुलांना कुठेही न्यावं, पण जिथे अर्धा वर्ग जाऊ शकत नाही त्या गोष्टीला शाळेची ट्रिप म्हणू नये. आम्ही एसटीची बस करून रायगड, शिवनेरी, कार्ला, भीमाशंकर असं जातो, खर्च सगळ्यांमध्ये वाटला जातो आणि कमी पडतं ते ट्रिप फंडातून.

प्रोजेक्ट: कलर प्रिंट, थर्माकोल, रेडीमेड मॉडेल हे सगळं बंद. प्रोजेक्ट शाळेतच करायचा, शाळेच्या सामानात. याचा एक फायदा असा झाला की आता प्रोजेक्ट मुलं करतात, आधी आया करायच्या.

वाढदिवस: वर्गात चॉकलेटसुद्धा नको, रिटर्न गिफ्ट तर नाहीच. ज्याचा वाढदिवस त्याला लायब्ररीतून एक गोष्ट निवडून वर्गाला वाचून दाखवायला मिळते.

अभ्यास मोबाइलवर पाठवणं: घरात एकच फोन असतो आणि तो बाबांबरोबर कामावर जातो, रात्री नऊला येतो. म्हणून होमवर्क डायरीतच लिहायचा. ग्रुपवर तो टाकला तर टाका, पण डायरीत नसेल तर दुसऱ्या दिवशी मुलाला विचारायचं नाही.

पालकसभेला हे पालक येत नाहीत. मग त्यांना काळजी नाही असंच ना?

सभा मंगळवारी सकाळी ११ वाजता ठेवली तर रोजंदारीवरच्या माणसाचा अर्ध्या दिवसाचा पगार जातो, धुणीभांडी करणाऱ्या बाईंची दोन घरं चुकतात आणि तिथे बोलणी बसतात. आम्ही सभा रविवारी सकाळी आणि एक संध्याकाळी सातनंतर अशी दोनदा घ्यायला लागलो आणि हॉलमधल्या खुर्च्या कमी पडल्या. सभेत मराठी बोलायचं, गरज पडली तर हिंदी. नोटीस दोन्ही भाषेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना व्हॉइस मेसेज. 'फादर्स ऑक्युपेशन' काय हे सभेत सगळ्यांसमोर विचारायचं नाही.

फी नियमनाच्या २०११ च्या राज्य कायद्याने पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती सोडतीने निवडायची असते. बऱ्याच शाळांत ती ओळखीपाळखीने ठरते. सोडत खरंच काढा, कोण येतंय बघा. आमच्या समितीत एक रिक्षावाले दादा आले तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं की स्कूल बस त्यांच्या वस्तीच्या तोंडाशी का थांबत नाही. इतकी वर्षं आमच्या कुणाच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता.

आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात आलीये. अवघडल्यासारखं होतं.

हे प्रामाणिकपणे विचारणाऱ्या आईबद्दल मला आदर वाटतो. अवघडलेपण तुम्हाला वाटतंय, मुलींना अजून वाटत नसणार. तुम्ही एवढंच करा: घरी त्या ताईंशी मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलताना त्यांना एका वर्गातल्या दुसऱ्या पालकांसारखं बोला, त्यांच्या मुलीला जुने कपडे शाळेच्या गेटवर देऊ नका, आणि वर्गातल्या भांडणाचा राग कामावर काढू नका. शेवटचं मी मुद्दाम लिहितेय कारण असं झालेलं आहे, मुलींची पेन्सिलीवरून मारामारी झाली आणि तिच्या आईचं काम गेलं. आणि वाढदिवसाला वर्गातल्या पाच मैत्रिणींना बोलावलंत आणि त्यात ती असेल तर तिला पाहुणी म्हणून बोलवा, तिच्या आईला त्या दिवशी भांडी घासायला बोलवू नका.

डब्यात अंडं, मासे चालतात का? आमची मुलगी शुद्ध शाकाहारी आहे, शेजारी कुणी खाल्लं तर तिला कसंतरी होतं.

चालतात. घरी जे शिजतं ते डब्यात येईल. तुमच्या मुलीला कुणी जबरदस्तीने काही खायला घालणार नाही, तिच्या डब्यात हात घालणार नाही, हे आम्ही बघतो, जागा बदलून हवी असेल तर तिलाच दुसरीकडे बसता येईल. उलट होणार नाही, म्हणजे सुकट आणलेल्या मुलाला उठवून लांब बसवलं जाणार नाही.

'शुद्ध' म्हटलं की दुसऱ्याचं आपोआप अशुद्ध होतं, हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतं, आणि मग मूल आईला सांगतं की मला बोंबील नको, ब्रेड-जॅम दे. त्या घरात बोंबील हाच स्वस्त आणि चांगला प्रोटीनचा पदार्थ असतो. सरकारी शाळांच्या पोषण आहारात २०२३ ला अंडं आलं आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचा निधी बंद झाला, तेव्हाही वाद हाच होता.

आणि ही काही आपण आज नवीन आणलेली गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात जे बोर्डिंग काढलं तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करायची आणि एका पंगतीला जेवायची, १९२७ ला गांधीजी तिथे येऊन गेले, त्यांच्याच हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्याला जमलं ते आपल्याला एसी हॉलमध्ये जमायला हवं.

मुलांना जात माहीतच नाही, मग शाळेत तो विषय काढून तुम्हीच डोक्यात का भरवता?

माहीत असते हो. ज्यांना चांगल्या अर्थाने माहीत नसते त्यांना तशी गरज पडलेली नसते, बाकीच्यांना पहिली-दुसरीतच कुणीतरी आडनाव विचारून सांगितलेलं असतं. 'तुझं पूर्ण नाव काय' हा प्रश्न काही घरांत परत परत का विचारला जातो हे त्या मुलांना नीट कळतं. चौथीत 'तुम्ही कोटावाले' आलेलं असतं. आपण बोललो नाही तर हे असंच चालू राहतं, फक्त आपल्या कानावर येत नाही.

म्हणून आम्ही इतिहास नीट शिकवतो. ७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस आहे, कारण १९०० साली त्या तारखेला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. पण नुसतं भाषण करून दिवस साजरा करायचा आणि त्या शाळेत त्यांना काय झालं ते सांगायचं नाही, हे मला पटत नाही. बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं, शाळेच्या नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. सहावीच्या मुलांना हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो आणि मग प्रश्न सुरू होतात, चांगले प्रश्न, 'मग बाई बाकीची मुलं काय करत होती?' हा तर दर वर्षी येतो. त्यानंतर कोल्हापूरला शाहू महाराजांनी काय केलं ते सांगायचं, १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड, १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत. आणि १८४८ ला सावित्रीबाई-जोतीरावांची शाळा जिथे भरली ती भिडेवाड्याची जागा तर पुण्यातल्या मुलांना चालत जाऊन बघण्याएवढी जवळ आहे, वाडा मात्र २०२३ ला पाडला गेला.

यात कुणाच्या मुलाला अपराधी वाटावं असा हेतू नाही, आणि आमच्या वर्गात कुणाला तसं वाटलेलंही मी बघितलं नाही. पालकांना वाटतं कधीकधी. त्यांनी येऊन बोलावं.

सण कुठले साजरे करता?

सगळे थोडेथोडे, खर्च न करता. गणपती आणि दसरा जसा तसाच ईद आणि नाताळ, ३ जानेवारी (सावित्रीबाईंची जयंती), १४ एप्रिल (बाबासाहेबांची), बुद्धपौर्णिमा सुट्टीत येते म्हणून आधी. पूजा कुणालाही सक्तीची नाही. हळदीकुंकू आम्ही शाळेत बंद केलं, विधवा आयांना दारातून परत जावं लागायचं, आता त्याच दिवशी सगळ्या आया आणि आज्या तिळगूळ घ्यायला येतात.

वर्गात एक 'स्पेशल' मुलगा आहे, त्याच्यासाठी स्पेशल शाळा नाहीत का?

आहेत, आणि काही मुलांना त्याच बऱ्या पडतात, तो निर्णय त्या आईवडिलांचा. पण शाळेला 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून दार लावता येत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरलीयेत, अध्ययन अक्षमता आणि ऑटिझमही त्यात आहेत, आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, गरजेप्रमाणे सोयी करायच्या असं त्यात स्पष्ट आहे.

सोयी म्हणजे लाखोंचा खर्च नसतो नेहमी. व्हीलचेअरवाल्या मुलीचा वर्ग तळमजल्यावर आणला की झालं, सहावी तिसऱ्या मजल्यावरच का भरायला हवी? कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसवायचं आणि बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. रॅम्प आणि रेलिंग असलेलं टॉयलेट मात्र करावंच लागतं.

डिस्लेक्सियासारख्या बाबतीत पालकच उशीर करतात, 'आळशी आहे' म्हणत सातवी येते. तपासणी करून दाखला सरकारी किंवा महापालिकेच्या ठरावीक हॉस्पिटलमधून मिळतो, मुंबईत सायन हॉस्पिटलचं क्लिनिक बऱ्याच जणांना माहीत आहे, नंबर लागायला वेळ जातो म्हणून दहावीपर्यंत थांबू नका. दाखला असेल तर बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, गणितासाठी कॅल्क्युलेटर अशा सवलती गरजेप्रमाणे मिळतात. त्या मुलाने 'जास्त वेळ ढापला' असं दुसऱ्या मुलांच्या पालकांनी म्हणू नये. आणि शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्या एका मुलाबरोबर बसून मदत करणारी शिक्षिका, पालकांनी स्वखर्चाने आणायची अट घालणाऱ्या शाळा आहेत, त्यामुळे गरीब घरातलं ऑटिस्टिक मूल कुठेच बसत नाही. आम्ही तीन वर्गांत मिळून एक विशेष शिक्षिका शाळेच्या पगारावर ठेवलीये. पुरत नाही, पण आहे.

मुलगे-मुली वेगळे बसवता का? आणि मुलगा 'बायल्या' म्हणून चिडवला जातो त्याचं काय?

वेगळे बसवत नाही, बेंच मुलांनीही पुसायचे आणि बॉल मुलींनाही द्यायचा. चिडवण्याबद्दल: ते थांबवणं शिक्षकाचं काम आहे, 'तू जरा मुलासारखा वाग' असं त्यालाच सांगणं हे चिडवणाऱ्यांच्या बाजूने उभं राहणं झालं. सुप्रीम कोर्टाने २०१४ ला तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली आणि २०१९ च्या कायद्यात शाळांनी त्यांना सामावून घ्यायचं हे आलंय. राज्याने २०२२ पासून प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती करायला सांगितलीये, आमच्या समितीतली नावं गेटजवळ लावली आहेत, मुलं तिथे कुठलीही गोष्ट सांगू शकतात.

शिक्षकच फरक करत असतील तर?

करतात. त्याच बाकावर तीच मुलं, उत्तरासाठी हात वर केला तरी विचारायचं नाही, वही तपासायला सगळ्यात शेवटी, फळा पुसायला, निरोप सांगायला, पाण्याचा जार उचलायला मात्र नेमकी तीच. कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे आणि घालूनपाडून बोलणं त्यात येतं. तुम्ही तारीख, काय झालं, कोण होतं एवढं लिहून मुख्याध्यापिकांना द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांत काही नाही झालं तर शिक्षणाधिकारी, आणि तिथेही नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. मूल काढून टाकतील या भीतीने लोक गप्प बसतात, पण आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेला मूल काढता येत नाही, कलम १६ आहे.

पण तक्रारीच्या आधीचं काम शाळेचं आहे. विनाअनुदानित शाळांत भरती बहुतेक ओळखीतून होते, मग स्टाफरूममध्ये एकाच प्रकारच्या घरांतून आलेली माणसं असतात आणि त्यांना वस्तीतलं घर कसं चालतं हे माहीत नसतं. जाहिरात उघड द्या. आमच्याकडे अशा भरतीतून आलेल्या एका सरांनी स्वतःचं शिक्षण वसतिगृहात राहून केलंय, पालक दुसऱ्या कुणाशी बोलत नाहीत तेवढं त्यांच्याशी बोलतात.

आठवीनंतर काय?

हा प्रश्न मला झोपू देत नाही. कायदा ६ ते १४ वयाचा, मोफत शिक्षण आठवीपर्यंत. आठ वर्षं मित्रमैत्रिणींबरोबर काढलेल्या मुलाच्या हातात नववीत एकदम पूर्ण फीची पावती येते, आणि नववी-दहावी म्हणजे बोर्डाच्या तोंडावर शाळा बदल, बहुतेक वेळा माध्यमही बदलतं. एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीत वर्षाला १२ हजार मिळतात पण ती सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठी, खाजगी विनाअनुदानित शाळेतल्या या मुलांना ती लागूच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात हा हक्क बारावीपर्यंत नेण्याचं म्हटलंय, कायदा मात्र अजून तिथे पोचलेला नाही.

तोपर्यंत शाळांनीच करायला हवं. आमच्याकडे संस्थेने निर्णय घेतलाय की या शाळेत आठवी केलेल्या कुठल्याही मुलाला फीसाठी नववीत थांबवायचं नाही. अर्धी फी संस्था सोडते, उरलेली माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या निधीतून येते. निधीत कुणी किती दिले हे जाहीर होत नाही आणि कुणासाठी वापरले हेही नाही, 'माझ्या पैशाने शिकणारं मूल दाखवा' असं म्हणणाऱ्या एका देणगीदाराला आम्ही पैसे परत केले. गणवेश, दहावीचा बोर्ड फॉर्म आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका यासाठीही तोच निधी.

सातवी संपता संपताच पालकांना बोलावून हे सगळं सांगतो, कारण आठवीच्या मार्चमध्ये सांगितलं तर तोवर कुणीतरी मुलीचं लग्न ठरवलेलं असतं किंवा मुलाला गॅरेजवर लावलेलं असतं. अर्ज एका पानाचा आहे, मराठीत, ऑफिसमध्ये मिळतो, उत्पन्नाचा दाखला नसेल तरी घेतो. यंदा आठवीत असलेल्यांनी डिसेंबरच्या आत द्यावा, भरायला मदत लागली तर शनिवारी दुपारी मी लायब्ररीत असते.